तालुक्याच्या हद्दीबाहेरचा आदिवासी

आजचा प्रश्न तसा साधा आहे. आदिवासी माणूस आपला मुलूख सोडून शहरात आला, तर त्याचे हक्क त्याच्याबरोबर येतात की मागे राहतात?

हा प्रश्न गोरेगावात विचारायला कारण आहे. स्टेशनच्या पूर्वेला आरेत गेलात की केलटीपाडा, जीवाचा पाडा, खांबाचा पाडा असे मिळून 27 पाडे सांगितले जातात. वस्ती मुख्यतः वारल्यांची. आता ही मंडळी इथे ‘कुठून आली’ असं लोक सर्रास विचारतात. यातली कित्येक घरं कुठूनच आलेली नाहीत. दूध वसाहतीसाठी जमीन घेतली 1949 च्या सुमारास, गोरेगाव मुंबई महापालिकेत आलं 1957 मध्ये. पाडे त्याआधीचे. त्यांच्याखेरीज दुसरा गट आहे तो जव्हार, मोखाडा, डहाणूकडून कामाला किंवा शिकायला आलेल्यांचा. आणि तिसरा, परराज्यांतून आलेल्यांचा. तिघांचीही गोष्ट वेगळी आहे, पण तिघांनाही नडते ती नकाशावरची रेघ.

रेघ कुठून आली ते बघू. 6 सप्टेंबर 1950 ला राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जमातींची यादी निघाली. घटनेच्या 342 व्या कलमानुसार ही यादी राज्यवार असते, म्हणजे जमात अनुसूचित ठरते ती ‘त्या राज्याच्या संबंधात’. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील. पण त्या काळी काही जमातींपुढे राज्यच काय, तालुके लिहिलेले असत. ठाकूर जमात घ्या. ठाणे, कुलाबा, नाशिक, पुणे, नगर या जिल्ह्यांतल्या ठराविक तालुक्यांची नावं दिली होती, तेवढ्यातच ठाकूर हा अनुसूचित. कर्जतचा, शहापूरचा ठाकूर आदिवासी. तोच माणूस गाडीत बसून मुंबईला राहायला आला की कागदावर आदिवासी नाही! विदर्भात गोंडांचंही असंच होतं.

हे क्षेत्रबंधन उठायला 1976 चा सुधारणा कायदा यावा लागला, आणि तो अमलात आला 27 जुलै 1977 ला. परिणाम जनगणनेत दिसतो. 1971 मध्ये महाराष्ट्रात आदिवासी सहा टक्क्यांच्या आत होते, 1981 मध्ये नऊ टक्क्यांच्या वर. यात खोटे दावे घुसले अशी तक्रार तेव्हापासून आहे, आणि ती सगळी निराधार नाही. पण आधीचा आकडा मुळातच तोकडा होता, हेही सांगायला हवं.

तालुक्याची रेघ गेली, राज्याची राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 1990 मध्ये यावर निकाल दिला, आणि तो खटला आपल्या परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीनविरुद्धचा होता. आंध्रात जन्मलेला मुलगा, त्याची जमात तिथे अनुसूचित. वडिलांना केंद्राच्या उपक्रमात राखीव जागेवर नोकरी लागली, मुलगा नवव्या वर्षी मुंबईत आला, इथेच शिकला. वैद्यकीय प्रवेशाला राखीव जागा मागितली तर नकार. न्यायालयानं तेच तीन शब्द वाचले: ‘त्या राज्याच्या संबंधात’. म्हणजे वडिलांची केंद्राची नोकरी शाबूत, मुलाचा इथला हक्क नाही. 2018 मध्ये दुसऱ्या घटनापीठानं राज्यांच्या नोकऱ्यांबाबत हेच कायम केलं. तर्क असा की मागासलेपण त्या त्या प्रदेशातलं असतं, आणि इथल्या आदिवासींचा वाटा बाहेरच्यांनी घेऊ नये. तर्कात तथ्य आहे. पण बदलीच्या नोकरीवाल्या बापानं काय करावं, याचं उत्तर त्यात मिळत नाही.

आणखी एक रेघ आहे, अनुसूचित क्षेत्राची. 1985 च्या आदेशात जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी, शहापूर आले, वसईतली काही गावंही आली. खाडीच्या अलीकडे, मुंबईत, एकही गाव नाही. त्यामुळे 1996 चा पेसा कायदा, ज्यानं ग्रामसभेला अधिकार दिले, तो इथे लागू नाही. 2006 चा वनहक्क कायदा क्षेत्राला बांधलेला नाही, पण त्याचीही सुरुवात ग्रामसभेपासून होते, आणि महापालिकेत ग्रामसभा कुठली?

शहरात आलेल्यांसाठी सरकारनं काहीच केलं नाही असं मात्र नाही. वसतिगृहं आहेत. 2016-17 पासून स्वयम् योजना आहे: वसतिगृहात जागा नसेल तर मुंबईसारख्या शहरात जेवण, भाडं आणि वरखर्चासाठी वर्षाला 60,000 रुपये थेट खात्यावर. चांगली योजना आहे. अट मात्र अशी की विद्यार्थी त्या शहरातला रहिवासी नसावा. मोखाड्याच्या मुलाला मिळते. आरेतल्या पाड्यावरचा मुलगा मुंबईकर ठरतो!

जगात दुसरीकडे काय करतात? अमेरिकेत चेरोकी राष्ट्राची राखीव भूमी ओक्लाहोमात आहे, पण साडेचार लाखांहून जास्त नागरिकांपैकी निम्म्याहून अधिक तिच्या बाहेर राहतात. त्यांच्या 17 जणांच्या परिषदेत दोन जागा या बाहेरच्यांनी निवडून द्यायच्या असतात. सगळ्याच सेवा बाहेर मिळतात असं नाही, पण नागरिकत्व पत्त्यावर अवलंबून नाही. ते वंशावर ठरतं: पूर्वजाचं नाव शंभर वर्षांपूर्वीच्या डॉज नोंदवहीत असायला हवं. आपल्याकडे नोंदवही नाही, तारीख आहे. 1950 मध्ये बाप किंवा आजा कुठे राहत होता, त्यावर दाखला कुणी द्यायचा ते ठरतं.

आणि दाखला मिळाला तरी पडताळणी समिती असते. कागद अपुरे वाटले की आप्तभाव चाचणी. देव कोणते, लग्नात धवलेरी काय करते, मयताचे विधी कसे? तीन पिढ्या शहरात वाढलेल्या पोरानं हे तोंडपाठ सांगावं, अशी अपेक्षा. 2023 मध्ये ठाकूर समाजाच्याच संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही चाचणी एकमेव कसोटी नव्हे, ती प्रत्येक वेळी घ्यायलाच हवी असंही नाही. स्थलांतरानं चालीरीती बदलतात. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना वजन जास्त.

आता हे कागद म्हणजे बहुधा आजोबांचा शाळेचा दाखला. आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. गेले असतील तर मास्तरांनी जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ लिहून ठेवलेलं असतं.