वहीतलं गाणं

१९९६ साली आलेला पाम पायलट म्हणजे खिशातली वहीच. पत्ते, भेटीगाठी, टिपणं. प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झचा, एमपीथ्री उलगडायची आकडेमोड त्याला झेपणार कुठून? मग पळवाटा निघाल्या. हँडस्प्रिंगच्या व्हायझरमागच्या खाचेत अख्खा प्लेअरच बसवता येऊ लागला. २००१ साली सोनीने क्लिएमध्ये गाण्यांसाठी वेगळी चिप घातली. २००० सालच्या कॉम्पॅक आयपॅकला मात्र २०६ मेगाहर्ट्झच्या जोरावर हे स्वतःच जमायचं.

पण जागेचं काय? चांगल्या आवाजाला मिनिटाला साधारण १ एमबी. म्हणजे ८ एमबीच्या कार्डात जेमतेम दोन गाणी! बडा ख्याल तर विसराच. सोबत कुठली दोन न्यायची, हे आधी मनाशी ठरवावं लागे. आता खिशात हजारो गाणी मावतात, ते ठरवणं तेवढं राहून गेलं.