शेकेलचा निवाडा

जेरुसलेमच्या मंदिराला प्रत्येक प्रौढ यहुदी पुरुषाने प्रतिवर्षी अर्धा शेकेल द्यावा, असा दंडक होता. आणि हा कर सोर (टायर) येथील रुप्याच्या नाण्यांत घेतला जाई, कारण त्यांचा कस व वजन ही दोन्ही भरवशाची होती. त्या नाण्यावर एका बाजूस मेल्कार्त या परदैवताचे मस्तक व दुसऱ्या बाजूस गरुड असे. तरीही मूर्तिपूजेचा पराकाष्ठेचा तिटकारा असलेल्या त्या देवस्थानाच्या खजिन्यात ही नाणी बिनतक्रार जमा होत, आणि आवारातले सराफ परमुलखातील यात्रेकरूंचे चलन बट्टा घेऊन बदलून देत.

इ. स. 66 मध्ये रोमन अमलाविरुद्ध उठाव झाला, तेव्हा बंडवाल्यांनी स्वतःचे शेकेल पाडले. वजन सुमारे 14 ग्रॅम, म्हणजे सोरच्या नाण्याएवढेच. मात्र घडण जाड, आणि मनुष्य वा पक्षी यांच्या आकृतींऐवजी एका अंगास चषक, दुसऱ्या अंगास डाळिंबाच्या तीन कळ्या. चषकाभोवती ‘इस्राएलचा शेकेल’ आणि कळ्यांभोवती ‘पवित्र जेरुसलेम’ हे लेख आहेत, तेही नित्यव्यवहारातून केव्हाच मागे पडलेल्या प्राचीन हिब्रू लिपीत. राजाचे नाव कोठेही नाही. आहे तो एक ते पाच यांपैकी वर्षाचा अंक.

एकोणिसाव्या शतकातील पंडितांची पंचाईत झाली ती या मौनामुळे. सिरियाचा राजा सातवा अँटायोकस याने शिमोन मक्काबी यास नाणी पाडण्याची सनद दिली, असा उल्लेख मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात आहे. त्याच्या आधारे फ्रेडरिक मॅडन याने 1864 साली प्रसिद्ध केलेल्या यहुदी नाण्यांच्या इतिहासात हे जाड शेकेल शिमोनाच्या नावे मांडले, आणि ती नाणी दोनशे वर्षे मागे ढकलली गेली. शिमोनाचा पुत्र योहान हिर्कानस याची निश्चित ठरलेली नाणी तांब्याची व चिमुकली आहेत. पित्याने असे भारदस्त रुपे पाडावे आणि पुत्राने ते सोडून द्यावे, ही विसंगती माझ्या मते तेव्हाच अधिक बोचावयास हवी होती.

संग्राहकाजवळ येणारे नाणे बहुधा हातोहात फिरून आलेले असते, आणि ते कोणत्या थरात, कशाशेजारी पडले होते ही हकीकत वाटेतच गळून जाते. उरलेल्या पुराव्यावर नकली माल ओळखता येतो: जर्मनीतील गोर्लिट्झ नगराच्या नावाने ओळखले जाणारे बनावट शेकेल पुष्कळ भाविकांनी श्रद्धेने जपले, परंतु त्यांवरील अक्षरे चौकोनी, अर्वाचीन वळणाची असल्याने जाणकारास ते एका दृष्टिक्षेपात कळतात. अस्सल नाण्याचा काळ ठरवावयास मात्र एवढे पुरत नाही.

तो ठरला मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्यावर. यिगाएल यादिन यांनी 1963 ते 1965 या काळात तेथे जे उत्खनन केले, त्यात हे शेकेल बंडवाल्यांच्या वस्तीच्याच थरांत मिळाले आणि शिमोनाचा दावा कायमचा निकालात निघाला. त्यांत पाचव्या वर्षाचेही शेकेल होते. हे वर्ष लागून काही महिनेच लोटतात तोच, इ. स. 70 च्या उन्हाळ्यात, रोमन सैन्याने मंदिर जाळले. म्हणूनच या सालाची नाणी अतिशय विरळा आहेत, आणि जेरुसलेमच्या पाडावातून निसटलेल्या माणसांनीच ती मसादावर आणली असावीत.