पडलेली काडीही उचलायची नाही! कॅलिफोर्नियाच्या रेडवूड जंगलातलं कॅम्पिंग नेमकं कसं असतं?

नदीकाठी तंबू, मागे आभाळाला टेकलेली झाडं आणि समोर शेकोटीवर भाजली जाणारी कणसं. मे महिन्याच्या अखेरीस मेमोरियल डेची जोडून सुट्टी आली की कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मावसभावाच्या किंवा कॉलेजच्या मित्राच्या स्टोरीवर असा फोटो हमखास दिसतो. आपल्याला वाटतं, गाडी काढली, जंगल गाठलं आणि तंबू ठोकला.

प्रत्यक्षात त्या फोटोमागे बऱ्याचदा सहा महिने आधी केलेलं बुकिंग असतं आणि नियमांची लांबलचक यादी असते. हे नियम समजून घ्यायला एक चांगलं उदाहरण आहे, ते म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियातल्या ईल नदीच्या काठावरचं हम्बोल्ट रेडवूड्स स्टेट पार्क.

स्टेट पार्क म्हणजे काय?

अमेरिकेत नॅशनल पार्क केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतं, तर स्टेट पार्क त्या-त्या राज्याचं सरकार चालवतं. हम्बोल्ट रेडवूड्सची देखभाल कॅलिफोर्नियाचा राज्य उद्यान विभाग करतो. सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला गाडीने साधारण चार-साडेचार तासांवर हे जंगल आहे. आणखी उत्तरेला 'रेडवूड नॅशनल अँड स्टेट पार्क्स' आहे. नावांमुळे अनेकांचा गोंधळ होतो, पण ही दोन्ही ठिकाणं वेगळी आहेत.

हम्बोल्टचं क्षेत्रफळ सुमारे ५३ हजार एकर. त्यातल्या सुमारे १७ हजार एकरांवर कधीही कुऱ्हाड न लागलेलं मूळ जंगल आहे. इथली काही झाडं १०५ मीटरपेक्षा उंच आहेत, म्हणजे जवळपास ३५ मजली इमारतीएवढी. ही झाडं दोन हजार वर्षांपर्यंत जगू शकतात.

हे जंगल वाचलं कसं?

ईल नदीच्या या खोऱ्यात मूळचे राहणारे सिंकिओन आदिवासी. १८५० च्या सुमारास गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांच्या कत्तली केल्या आणि उरलेल्यांना हुसकावून लावलं. त्यानंतर लाकूड कंपन्या आल्या. रेडवूडचं लाकूड सहजासहजी कुजत नाही, त्याला वाळवीही लवकर लागत नाही. त्यामुळे घरांपासून रेल्वेच्या स्लीपरपर्यंत सगळीकडे त्याला मागणी होती.

१९१८ मध्ये 'सेव्ह द रेडवूड्स लीग' ही संस्था स्थापन झाली. देणग्या गोळा करायच्या, कंपन्यांकडून जंगलाचे तुकडे विकत घ्यायचे आणि ते राज्याच्या ताब्यात द्यायचे, अशी तिची पद्धत होती. १९२१ मध्ये पहिली राई राखीव झाली आणि या उद्यानाची सुरुवात झाली. पुढे उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांनी २० लाख डॉलर दिले. त्यातून वाचलेला भाग आज रॉकफेलर फॉरेस्ट म्हणून ओळखला जातो. महिला मंडळांच्या राज्य महासंघानेही वर्गणी काढून एक राई वाचवली.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. लीगच्या संस्थापकांपैकी एक असलेले मॅडिसन ग्रँट वंशश्रेष्ठत्वाचे उघड प्रचारक होते. संस्थेने अलीकडच्या काळात हे जाहीरपणे मान्य केलं आहे.

एवढी धडपड होऊनही कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवरच्या मूळ रेडवूड जंगलापैकी आज फक्त पाच टक्क्यांच्या आसपास शिल्लक आहे.

नदी पोसतेही आणि पाडतेही

पूर ओसरला की शेतात गाळ बसतो आणि पुढचं पीक जोमात येतं, हे नदीकाठच्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. रेडवूडचंही तसंच आहे. सगळ्यात उंच झाडं नदीने आणलेल्या गाळाच्या सपाट जमिनीवर वाढतात. गाळाखाली बुंधा गाडला गेला की इतर झाडं गुदमरतात, पण रेडवूडला वरच्या थरात नवी मुळं फुटतात. या झाडाची मुळं फार खोल जात नाहीत. ती आडवी दूरवर पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात.

पण १९५५ च्या पुराने वेगळंच रूप दाखवलं. रॉकफेलर फॉरेस्टमधून वाहणाऱ्या बुल क्रीक या ओढ्याचा खालचा भाग उद्यानात होता, वरचे डोंगर मात्र खासगी मालकीचे होते. तिथे बेसुमार तोड झाली होती. जोरदार पाऊस झाला तेव्हा उघड्या पडलेल्या उतारांवरून माती, दगड आणि ओंडके खाली आले. ओढ्याचे काठ खचले आणि शेकडो जुनी रेडवूड झाडं कोसळली.

म्हणजे राखीव जंगलात एकही झाड न तोडता जंगल गेलं. त्यानंतर राज्याने ओढ्याचं वरचं पाणलोट क्षेत्रही विकत घ्यायला सुरुवात केली. डिसेंबर १९६४ मध्ये त्याहून मोठा पूर आला आणि नदीकाठचं वीऑट गाव वाहून गेलं. पाणी कुठपर्यंत चढलं होतं, हे दाखवणारा खांब तिथे आजही उभा आहे. खूण जमिनीपासून ३३ फुटांवर आहे!

बुकिंग कसं होतं?

उद्यानात बर्लिंग्टन, हिडन स्प्रिंग्ज आणि अल्बी क्रीक अशी तीन मुख्य कॅम्पग्राउंड आहेत. तिन्ही मिळून सुमारे २५० जागा होतात. तंबू कुठेही ठोकता येत नाही. प्रत्येक जागेला क्रमांक असतो आणि तिथे टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं आणि गाडी लावायला जागा असते. एका जागेवर जास्तीत जास्त आठ माणसं राहू शकतात. स्वच्छतागृहं आणि अंघोळीची सोय सामाईक असते.

'रिझर्व्ह कॅलिफोर्निया' या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी बुकिंग खुलं होतं. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लवकर भरतात. बर्लिंग्टन एरवी वर्षभर सुरू असतं, बाकीची दोन उन्हाळी हंगामापुरती. इथे वर्षाला साधारण १५०० ते २००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो मुख्यतः ऑक्टोबर ते मे या काळात. आपल्या पावसाळ्याच्या बरोबर उलट.

लाकूड का उचलायचं नाही?

देवराईतून वाळकी काडीही घरी न्यायची नाही, हा नियम कोकणात आणि सह्याद्रीत अनेकांनी लहानपणापासून ऐकलेला असतो. इथे तोच नियम कायद्याने आहे. पडलेलं झाड कुजतं, त्यातून माती तयार होते, त्यावर नवी रोपं वाढतात.

उद्यानातल्या फाउंडर्स ग्रोव्हमध्ये याचं सगळ्यात मोठं उदाहरण पाहायला मिळतं. डायरव्हिल जायंट हे सुमारे ११० मीटर उंचीचं झाड मार्च १९९१ मध्ये कोसळलं. रेल्वेचा अपघात झाला की काय, असं तो आवाज ऐकून आसपासच्या लोकांना वाटलं होतं. ते झाड पडलं तिथेच ठेवलं आहे. आता त्याच्या अंगावर नेचे आणि रोपं वाढताहेत.

शेकोटीसाठी लाकूड विकत घ्यावं लागतं आणि तेही जवळपासच. लांबून आणलेल्या सरपणातून कीड आणि रोग पसरतात. 'सडन ओक डेथ' नावाच्या रोगाने या पट्ट्यातली असंख्य टॅनओक झाडं मारली आहेत.

खाणं पेटीत का ठेवायचं?

जंगलात काळी अस्वलं आहेत. त्यामुळे खाण्याचे पदार्थ, कचरा, अगदी साबण आणि टूथपेस्टसुद्धा प्रत्येक जागेवरच्या मजबूत पेटीत बंद करून ठेवावं लागतं. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल पुन्हा पुन्हा येतं, धीट होतं आणि शेवटी बऱ्याचदा त्यालाच मारावं लागतं.

सांडलेला चुरासुद्धा उचलायचा असतो. मार्बल्ड मरेलेट नावाचा एक समुद्रपक्षी जुन्या झाडांच्या शेवाळलेल्या फांद्यांवर एकच अंडं घालतो. चिवड्याच्या दाण्यांवर कावळ्याच्या कुळातले पक्षी जमले की तेच पुढे मरेलेटची अंडी आणि पिल्लं खातात. एका पिकनिकचा उरलेला फरसाण असा झाडाच्या शेंड्यापर्यंत पोहोचतो.

नदीत उतरण्याआधी

उन्हाळ्यात ईल नदीचं पाणी उथळ आणि संथ असतं. याच काळात काही ठिकाणी विषारी सायनोबॅक्टेरियाचे थर वाढतात. ते पोटात गेल्याने या नदीवर कुत्रे दगावले आहेत. लहान मुलांनाही धोका असतो. त्यामुळे काठावर लावलेल्या सूचना वाचाव्यात, हिरवट-काळपट साय दिसेल तिथे उतरू नये आणि नदीचं पाणी पिऊ नये.

जाणार असाल तर हे लक्षात ठेवा

• मोबाईलला अनेक ठिकाणी रेंज नसते. नकाशा आणि बुकिंगची पावती आधीच डाउनलोड करा.
• उन्हाळ्यातही रात्री गारठा असतो. स्वेटर आणि जाड अंथरूण न्या.
• तीन-तीन पानांचं पॉयझन ओक ओळखायला शिका. अंगाला लागलं तर पुरळ उठून खूप खाज सुटते.
• रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावी लागते. अंताक्षरी त्याआधी आटोपा.
• झोपण्यापूर्वी शेकोटीवर पाणी ओता. राख हाताला गार लागेपर्यंत ती विझली असं समजू नका.

बुकिंग मिळालं नाही तरी हिरमुसू नका. जंगलातून जाणारा 'ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स' हा सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता सगळ्यांसाठी खुला आहे. फाउंडर्स ग्रोव्हची पायवाट एक किलोमीटरपेक्षाही कमी आहे. आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांनाही हळूहळू चालत ती पूर्ण करता येते. आडव्या पडलेल्या डायरव्हिल जायंटच्या मुळांपाशी त्यांना उभं करून फोटो काढा. झाड केवढं होतं, ते तेव्हा कळतं.