पॉलिएथिलीनमधील आडबंध आणि प्रवाहिता : एक ऐतिहासिक विवेचन

मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधील विनिंग्टन येथे आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट व गिब्सन या रसायनज्ञांना उच्च दाबाखालील एथिलीनच्या प्रयोगात मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला. १९३९ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. पॉलिएथिलीनच्या दीर्घ साखळ्या परस्परांशी रासायनिक बंधांनी जोडलेल्या नसतात. म्हणूनच तापविल्यास तो वाहतो व त्यास हवा तो आकार देता येतो. परंतु विजेच्या तारेवरील वेष्टनात हाच गुण दोष ठरतो. सुमारे ११० अंश सेल्सिअसला त्याचे कमी घनतेचे रूप वितळते व वेष्टन ढळते.

साखळ्यांमध्ये आडबंध निर्माण केल्यास हा दोष जातो. मात्र त्याबरोबर प्रवाहिताही संपते. तेव्हा आडबंध कसे घालावेत यापेक्षा ते केव्हा पडावेत, हाच या इतिहासातील खरा प्रश्न होय.

१९५२ मध्ये चार्ल्सबी यांनी हार्वेल येथील अणुभट्टीतील प्रारणाने असे बंध पाडता येतात, हे प्रसिद्ध केले. येथे आकार आधी व बंध नंतर, असा क्रम सहज साधतो. पण त्यासाठी प्रारणाचे साधन हवे.

गिल्बर्ट व प्रेकोपिओ यांच्या १९६३ च्या पेटंटातील मार्ग पेरॉक्साइडचा आहे. उष्णतेने पेरॉक्साइडचे विघटन होऊन उत्पन्न झालेले मुक्त मूलक साखळीतील हायड्रोजन काढून घेतात आणि अशा दोन साखळ्या एकमेकींस जोडल्या जातात. परंतु वितळविण्यासही उष्णताच लागते. यंत्रातील तापमान थोडे चढले, तर श्यानता अकाली वाढून द्रव्य यंत्रातच गोठते.

स्कॉट यांच्या १९७२ च्या पेटंटाने ही अडचण निराळ्या रीतीने सोडविली. अल्प पेरॉक्साइडच्या साहाय्याने व्हिनिल सिलेन साखळीवर कलम केले जाते. वस्तू घडल्यानंतर पाण्याच्या योगाने, उत्प्रेरकाच्या उपस्थितीत, सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन बंध तयार होतात. मात्र कलम करतानाही काही साखळ्या थेट जोडल्या जाऊन प्रवाहिता घटते. म्हणून पेरॉक्साइडचे प्रमाण बेताचेच ठेवावे लागते, आणि कलम केलेले द्रव्य ओलाव्यापासून जपावे लागते.

तिन्ही मार्गांनी टिकाऊपणा मिळाला, पण पुन्हा वितळविण्याची सोय गेली. वापरून झालेल्या वेष्टनाचे व नळांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न त्या टिकाऊपणातूनच उद्भवला आहे.