घड्याळ आणि बाळंतपण

इतिहासाच्या तासाला एखादा मुलगा हटकून विचारतो, ‘सर, सीझर आईचे पोट फाडून जन्मला म्हणून सीझेरियन म्हणतात ना?’ मी नाही म्हणतो. सीझरची आई ऑरेलिया तो मोठा झाल्यावरही हयात होती. आणि त्या काळी पोट फाडलेली बाई जगत नसे. बाई जगू लागली ती फार उशिरा. १८७६ साली पाव्हियाच्या पोर्रोने गर्भाशय काढून टाकून एकीला वाचविले. १८८२ साली लाइपझिगच्या झेंगरने गर्भाशयाला टाके घालण्याची रीत मांडली, तेव्हा बाईबरोबर तिची कूसही वाचली.

एवढ्या सायासाने मिळविलेल्या या विद्येचे पुढे काय झाले, ते दूरच्या चिली देशात पाहावे. तेथे १९५२ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. पुढे १९८१ साली लष्करी राजवटीत खाजगी विमा कंपन्या आल्या आणि ऐपतदार घरची बाई आपला स्वतःचा डॉक्टर निवडू लागली. १९९७ पर्यंत देशातील शेकडा ४० बाळंतपणे शस्त्रक्रियेने होऊ लागली. जागतिक आरोग्य संघटनेने तर १९८५ साली शेकडा १० ते १५ हून अधिक प्रमाणाला आधार नाही, असे म्हटले होते!

सुझन मरे या बाईंनी सांतियागोच्या रुग्णालयांत जाऊन २००० साली जे छापले, ते वाचून मी थबकलो. सरकारी वा विद्यापीठाच्या रुग्णालयात पाळीवरच्या डॉक्टरांच्या किंवा सुईणींच्या हाती असलेल्या बायकांत हे प्रमाण शेकडा २७-२८. खाजगी डॉक्टर असलेल्यांत ५७ ते ८३.

डॉक्टरांना खलनायक करणे आम्हा कादंबरीवाल्यांना सोपे. पण मला येथे घड्याळ दिसते. पाळीवरचा डॉक्टर वेळ संपली की घरी जातो, दुसरा येतो. कळा चालूच राहतात. खाजगी डॉक्टरला मात्र स्वतःच हजर राहावे लागते. सकाळी सरकारी नोकरी, दुपारी आपला दवाखाना, आणि कळा कोणत्या प्रहरी सुरू होतील याचा नेम नाही. शस्त्रक्रियेची वेळ तेवढी आधी ठरविता येते.

बायकांनीच ती मागितली असेल, असे कोणी म्हणेल. मरेबाईंनी तेही विचारले. खाजगी डॉक्टरकडे गेलेल्यांपैकी ‘मला हेच हवे होते’ म्हणणाऱ्या निरनिराळ्या गटांत शेकडा ६ ते ३२ इतक्याच निघाल्या.