मागील पानावरून पुढे



आपल्या बडोद्याच्या आठवणींत वाडे, गणपती, खंडेराव मार्केट यांवर पुष्कळ लिहून झालं. आज जरा वेगळं: आपल्या आजारांच्या नोंदींचा इतिहास. मी कॉमर्सवाला, डॉक्टर नाही. पण सारा जन्म बँकेच्या लेजरांत गेला, तेव्हा नोंद कशी पुढे सरकत जाते एवढं मला नक्की कळतं.

हातानं लेजर लिहायच्या काळात बँकेत रबराला बंदी होती. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, तीही खालचा आकडा वाचता येईल अशी. वर बरोबर आकडा आणि शेजारी ऑफिसरची सही. पुढे कॉम्प्युटर आले, तरी चुकलेली नोंद पुसत नाहीत, उलटी नोंद करतात. चूक दिसते, दुरुस्ती दिसते, आणि कोणी केली तेही दिसतं.

डॉक्टरांच्या वह्यांची गोष्टही आपल्या चोपड्यांसारखीच आहे. अमेरिकेतल्या प्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये पूर्वी डॉक्टर आपापल्या वहीत येईल तो पेशंट लिहीत जायचे. म्हणजे नुसती रोजकीर्द, खतावणी नाही! एकाच माणसाची माहिती चार वह्यांत पसरलेली. 1907 साली तिथल्या डॉ. हेन्री प्लमर यांनी प्रत्येक पेशंटला एक नंबर दिला आणि त्याचे सगळे कागद एका ठिकाणी आणले. आज आपण ज्याला फाईल म्हणतो ती ही.

पण फाईल झाली तरी आतला गोंधळ राहिलाच. त्याला हात घातला डॉ. लॉरेन्स वीड यांनी. 1968 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांचा गाजलेला लेख आला. त्यांचं म्हणणं असं की फाईलच्या पहिल्याच पानावर पेशंटच्या अडचणींची क्रमवार यादी हवी, आणि यादीत जेवढं खात्रीनं ठाऊक आहे तेवढंच लिहायचं. छातीत दुखतं एवढंच माहीत असेल तर 'छातीत दुखणं' लिहा, तर्कानं हृदयविकार लिहू नका. निदान पक्कं झालं की त्याच ओळीपुढे तारीख घालून बदल करा. दुखणं मिटलं की तसं नोंदवा. मला हा माणूस अस्सल हिशेबनीस वाटतो. 1970 च्या दशकात त्यांनी हे सगळं कॉम्प्युटरवरही आणलं, तेही बोटानं स्पर्श करायच्या पडद्यावर!

आता आमच्या घरची गोष्ट. 2014 मध्ये दादा खंडेराव मार्केटात भाजी घेता घेता बेशुद्ध होऊन पडले. एका खासगी इस्पितळात नेलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर 'सीझर' लिहिलं, आणि त्याच्या आधी ठळक प्रश्नचिन्ह काढलं. म्हणजे फिट असेलही, नसेलही. कॉम्प्युटरवर नोंद करताना यादीतून नाव निवडायचं होतं, त्या यादीत प्रश्नचिन्ह कुठून असणार? 'एपिलेप्सी' निवडलं गेलं. पुढच्या खेपेला छापून आलं 'के/सी/ओ एपिलेप्सी', म्हणजे नोन केस ऑफ, ठाऊक असलेला रोगी. बघा, डॉक्टरांची शंका कारकुनी वाटेनं पक्की झाली! दादांनी चार वर्षं फिटच्या गोळ्या घेतल्या. हिरड्या सुजायच्या, चालताना तोल जायचा. वहिनी म्हणायच्या, वय झालं.

2018 मध्ये ते पुन्हा पडले. या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी चोवीस तासांची हृदयाची पट्टी लावली. हृदयाचे ठोके मध्येच काही सेकंद थांबत होते. पेसमेकर बसला, गोळ्या हळूहळू बंद झाल्या, पडणंही थांबलं.

तरी पुढल्या वर्षी मोतीबिंदूसाठी त्याच इस्पितळात गेलो, तर कागदावर पुन्हा के/सी/ओ एपिलेप्सी. मेडिक्लेमवाले विचारतात, हा आजार फॉर्मवर का लिहिला नाही? खिडकीवरचा मुलगा भला होता. म्हणाला, "अंकल, सिस्टीममधून निघत नाही, क्युअर्ड करून देतो." त्यावर दादा म्हणाले, "अरे भाई, बरा व्हायला आधी तो आजार तरी हवा ना?"

दादांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि आजच्या नोंदीच्या नियमांतही ते बसतं. इस्पितळांनी एकमेकांना माहिती पाठवायची 'फायर' नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तीत निदानापुढे दोन वेगळे रकाने असतात. एकात आजार चालू आहे, थंडावलाय की मिटलाय. दुसऱ्यात निदान किती पक्कं: तात्पुरतं, पक्कं, खोटं ठरलेलं, की नोंदच चुकून पडलेली. मिटलेला आजार म्हणजे तो होता आणि गेला. खोटं ठरलेलं निदान म्हणजे तसं वाटलं होतं, पण ते नव्हतं. चुकून पडलेली नोंद म्हणजे शेजारच्या खाटेवरच्याचा मधुमेह तुमच्या नावावर! तिन्ही निराळ्या गोष्टी. दादांचं खातं मधलं.

काही जण म्हणतील, सरळ पुसून टाका. मला ते पटत नाही. पुसलं तर चार वर्षं त्या गोळ्या कशापायी घेतल्या, याचा पुढल्या डॉक्टरांना पत्ता लागणार नाही.

आपल्या देशात इलेक्ट्रॉनिक नोंदींचे सरकारी निकष 2013 मध्ये आले आणि 2016 मध्ये सुधारले. 27 सप्टेंबर 2021 ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. आभाचा चौदा आकडी नंबर तुमच्यापैकी अनेकांनी काढला असेल. तीही 'फायर'वरच चालते. म्हणजे यापुढे जुनी नोंद एका इस्पितळात पडून राहणार नाही, गावोगाव जाईल. बरोबर असो की चूक. भरती पेशंटचे कागद मागितल्यावर 72 तासांत द्यावेत, असा डॉक्टरांसाठी 2002 पासून नियम आहे. आम्ही त्याच नियमावर बोट ठेवून सगळी फाईल मागितली.

पेसमेकरवाल्या डॉक्टरांनी अर्ध्या पानाचं पत्र दिलं. ते घेऊन रेकॉर्ड विभागात तीन फेऱ्या झाल्या. शेवटी एपिलेप्सीची ओळ तशीच ठेवून तिच्यापुढे तारीख पडली, 'निदान चुकीचं ठरलं, कारण हृदयाचे ठोके थांबणं' असं आलं आणि खाली डॉक्टरांचं नाव. दादा त्या कागदाची झेरॉक्स पेसमेकरच्या कार्डामागे घालून खिशात ठेवतात.