झऱ्याची हरीम

'हरम' म्हटलं की कुणाला जनानखाना आठवतो, कुणाला मक्केची हरम शरीफ. त्याच धातूतून आलेला 'हरीम' हा शब्द मात्र आपण जवळपास विसरलो आहोत. विहीर, झरा, नदी यांच्याभोवती राखून ठेवलेल्या जमिनीला इस्लामी न्यायशास्त्रात हरीम म्हणतात. तिथे दुसऱ्या कुणी खोदकाम करायचं नाही.

बाराव्या शतकात अल-मर्गिनानी यांनी लिहिलेला 'हिदाया' हनफी मदरशांतून आजही शिकवला जातो. त्यात जनावरांना पाणी पाजण्याच्या विहिरीची हरीम चाळीस हात आणि झऱ्याची पाचशे हात सांगितली आहे. पुढे उस्मानी तुर्कांनी १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' ही दिवाणी संहिता रचली, तेव्हा हे पाचशे हात कायद्याचं कलम झाले. दुसऱ्याच्या हरीमीत विहीर खोदली, तर ती बुजवायची.

ही संहिता सीरियात १९४९ पर्यंत चालली. तिथलं दमास्कस शहर बरदा नदीवर वसलं. लेबनॉनच्या सरहद्दीवरच्या डोंगरांत बर्फ पडतं, वितळतं, चुनखडीच्या भेगांतून मुरतं आणि ऐन अल-फीजाच्या झऱ्यातून बाहेर येऊन बरदेला मिळतं. नदीचे फाटे पुढे घूताच्या फळबागा भिजवीत. त्यातल्या एका कालव्याला यझीदचं नाव आहे. करबलेमुळे जे नाव आपण घरात कुणाला देत नाही, त्या नावाच्या कालव्याने शतकानुशतके झाडं जगवली.

पण मजल्लात आणखी एक कलम आहे, १२८८वं. हरीमीबाहेर कुणी विहीर खोदली आणि पहिल्या विहिरीचं पाणी तिकडे गेलं, तर दाद मागता येत नाही. शेजारी नवं दुकान निघालं आणि जुन्याचा धंदा बसला, म्हणून नवं दुकान बंद करता येत नाही, असा दाखला दिला आहे. मोट आणि रहाट होते तोवर हे खपून गेलं. पंप आले आणि हिशेब बिघडला. कायदा झऱ्याचं तोंड राखत होता, पाणी मात्र मैलोगणती दूरच्या डोंगरात मुरत होतं. १९३२ पासून फीजाचं पाणी नळाने शहरात जाऊ लागलं, खोऱ्यात विहिरी वाढत गेल्या, आणि बरदेच्या पात्रात सांडपाणी तेवढं उरलं.

हद्द आखणाऱ्याची नियतही पाहावी लागते. सीरियात २०१८ साली फीजाचं पाणी दमास्कसला नेणाऱ्या बोगद्याभोवती कायद्याने हरीम आखली गेली. युद्धात त्या खोऱ्यातून घरदार सोडून गेलेल्यांची परतीची वाट त्यामुळे आणखी अरुंद झाली. पाणी राखायचं, तर त्या पाण्याकाठच्या माणसांना विचारूनच राखायला हवं.

आता आपल्याकडे. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत, त्याच पाणलोटात, नवी विहीर खोदायला बंदी घातली. तिकडे पाचशे हात, इकडे पाचशे मीटर. मोजायची सुरुवात दोन्हीकडे तोंडापासूनच.

माझ्या गावची नदी लहानपणी झऱ्यांवर होळीपर्यंत वाहायची. आता दिवाळीनंतर महिनाभर तग धरते. वरच्या माळावर, जिथे पाऊस मुरायचा, तिथे बोअर झाले. त्यातला एक आमचा आहे. तो नळयोजनेच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या बराच बाहेर आहे. कायद्याने आम्ही निर्दोष आहोत, मजल्लाच्या १२८८व्या कलमानेही.

जुन्या फकिहांना जमिनीच्या पोटातलं दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी हातांनी मोजलं. आपल्याला आता पाणी कुठून येतं ते ठाऊक आहे. मग हद्द तिथून आखायला हवी, माळापासून. आणि ती आखली, तर आमचा बोअर तिच्या आत येतो, हे मला आधी कबूल करावं लागेल.